‘का’ची शेपटी

कार्यालयाच्या जिन्यावर कुणी नवखा भेटला की हमखास विचारायचा, "तुम्ही तारे बघता ना? मग रात्र रात्र जागत असाल!" आणि धूळकाकू हमखास सांगायच्या, "नाही हो. दहा ते पाच. मध्ये अर्धा तास जेवण." समोरच्याचं तोंड असं उतरायचं, जणू जादूगाराने टोपी उलटी केली आणि आत नुसतं अस्तर निघालं.

काम मात्र खरोखर ताऱ्यांचंच होतं. फार वर्षांपूर्वी एक उपग्रह दहा महिने फिरला होता. डोळ्यांना न दिसणारा, उष्णतेचा जो प्रकाश असतो, ज्याला अवरक्त म्हणतात, तो टिपायचा त्याने. मग त्याला गार ठेवणारा हेलियम संपला आणि तो आंधळा झाला. पण तेवढ्यात त्याने जे पाच हजार चारशे बारा ठळक ठिपके पाहिले, त्यांच्या प्रकाशाच्या रेघा कागदावर उतरल्या, आणि कुठली रेघ कुठल्या जातीची हे ठरवायला काकूंना बसवलं. दहा वर्षं त्यांनी तेच केलं. "माझं कामच नावं ठेवायचं," असं त्या हसत सांगायच्या. त्यावर घरी सासूबाई म्हणायच्या, "बरोब्बर माणसाला बरोब्बर काम."

ठिपक्यांतले बहुतेक म्हणजे उतारवयातले तारे. तारा म्हातारा झाला की फुगतो, थंडावतो, आणि अंगावरची धूळ फुंकत राहतो, ती इतकी की शेवटी स्वतःच तिच्यात गुरफटून जातो. साध्या दुर्बिणीतून मिणमिणता, अवरक्तात लखलखीत, कारण तापलेली ती धूळच उजळत असते. धूळ मुख्यतः दोन जातींची. काही तारे वाळू फुंकतात, काही काजळी. वाळूवाल्याच्या रेघेत खालच्या मापपट्टीवर दहाच्या आकड्याच्या जरा अलीकडे टेकडी येते, काजळीवाल्याच्या रेघेत अकराच्या जरा पलीकडे. मधलं अंतर बोटाच्या पेराएवढंही नाही. कधी टेकडी इतकी बुटकी की श्वास रोखून बघावी लागते. कधी वाळू इतकी दाट की टेकडीच्या जागी खड्डा. काकू भिंग डोळ्याला लावायच्या, मान डावीकडे कलवायच्या, आणि म्हणायच्या, "काजळी." की झालं. नवे लोक विचारायचे, "कशावरून?" काकू म्हणायच्या, "तुम्ही भावाला पाठीवरून ओळखता ते कशावरून?"

प्रत्येक रेघ एका जाड कार्डावर चिकटवलेली. कोपऱ्यात नखाएवढी चौकट, तीत अक्षर लिहायचं. अक्षरं ठरवून दिली होती जुन्या मोठ्या साहेबांनी. ते आता हयात नाहीत. वाळूला ‘वा’, काजळीला ‘का’, सपाट रेघेला ‘स’, खड्ड्याला ‘ख’, आणि काहीच उमगलं नाही तर ‘न’. "‘न’ लिहायला लाजायचं नाही हं," असं ते पुन्हा पुन्हा बजावायचे.

कार्डं संपली तेव्हा ती यंत्रात भरायला एक मुलगी नेमली. ती कळफलक असा बडवायची की सगळे तिला टकटक म्हणायला लागले, आणि तिलाही ते आवडायचं. तिने यादी टाइप केली आणि मग दोघींनी महिनाभर पडताळणी केली. टकटकने कार्ड हातात धरून वाचायचं, काकूंनी छापील यादीत बघायचं. "नऊशे सात, वा." "वा!" "नऊशे आठ, वा." "वा!" शेजारच्या टेबलावरून हिशेबनीस ओरडायचे, "अहो, गाण्याला बसलाय का दोघी?" मग टकटक आलाप घ्यायची, आणि काकू डोळे मिटून, तळहात उघडून, अशी काही दाद द्यायच्या की हिशेबनिसांचा चहा नाकात जायचा.

त्या ‘वा वा’ची आठवण काकूंना पुढे फार छळणार होती.

सोमवारी नव्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. काकूंना मुलगा असता तर साहेब त्याच्या वयाचे शोभले असते. दर वाक्याला ‘म्हणजे’, म्हणून पाठीमागे नाव म्हणजेसाहेब.

"म्हणजे, बसा ना काकू. म्हणजे, गैरसमज करून घेऊ नका."

काकू बसल्या. गैरसमज करून घेऊ नका, असं कुणी म्हटलं की समज काय करून घ्यायचा ते आपोआप कळतं.

"म्हणजे आपण ती सगळी मूळ रेघांची मोजमापं नव्या प्रोग्रॅममधून काढली. आणि तुमच्या यादीशी ताडून पाहिली. म्हणजे बहुतेक जुळतंय. कौतुकच आहे. पण तीनशे अठरा ठिकाणी, म्हणजे... तुमच्या यादीत वाळू आहे आणि यंत्र म्हणतंय काजळी."

"यंत्र चुकत असेल."

"म्हणजे मी स्वतः पन्नास रेघा पाहिल्या. काजळीच आहे. अकराच्या पुढे, स्पष्ट."



साहेबांनी हळू आवाजात पुढचं सांगितलं. शुक्रवारी अकराला बैठक होती. ताऱ्यांची यादी छापायला जाणार होती. तीत दोन रकाने ठरले होते: एक यंत्राचा, एक ‘डोळ्याने पाहून’. आता प्रश्न असा होता की दुसरा रकाना ठेवायचा का. "म्हणजे तीनशे अठरा चुका असल्या तर बाकी पाच हजारांवर तरी विश्वास कसा ठेवायचा, असं लोक म्हणणार. म्हणजे मी नाही म्हणत. लोक."

काकू उठल्या. दाराची कडी त्यांच्या हाताला पटकन सापडली नाही. तो रकाना म्हणजे त्यांची दहा वर्षं होती. दुसरं त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. मूल नाही, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, घरात त्या आणि सासूबाई.

घरी सासूबाई सामानाची यादी नाकाशी धरून बसल्या होत्या. "हे काय लिहिलंयस? साबण की साखर? मुंग्यांना वाचायला देणार आहेस का?"

"साबण."

"मग जरा माणसांच्या मापाचं लिही की! पूर्वी तुझं अक्षर कसं होतं, पाटीवर काढल्यासारखं. आता सगळ्यातच काटकसर."

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. डोक्यात एकच घोळत होतं, डोळा गेला. ज्या डोळ्याच्या जिवावर दहा वर्षं नावं ठेवली, तो गेला आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही.

मंगळवारी अर्धी रजा टाकून त्या चष्मेवाल्याकडे गेल्या. चष्मेवाला बोलका. भिंगं बदलत, "आता? आता? आता हो का मघाशी?" असं घड्याळाच्या काट्यासारखं विचारत राहिला. सर्वांत खालची ओळ काकूंनी धडाधड वाचली. त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"बाई, तुमचे डोळे मला द्या आणि माझं दुकान तुम्ही घ्या! नंबर जुनाच आहे. काही झालेलं नाही."

"नीट बघा. काहीतरी झालंच असणार."

"लोक काही नाही म्हटलं की पेढे... म्हणजे निदान हसतात तरी. तुम्ही भांडताय!" त्याने वही पुढे केली. "इथे सही करा." काकूंनी केली. त्याने वही डोळ्यांपासून लांब धरली, जवळ आणली, आणि म्हणाला, "सही केलीत की डास मारलात?"

काकू रस्त्यावर आल्या. डोळा शाबूत असेल तर मग गेलं काय? डोकं?

बुधवारी त्यांनी साहेबांकडून त्या तीनशे अठरा रेघांची कोरी भेंडोळी मागून घेतली. कोरी, म्हणजे कुणी काही न लिहिलेली. खुर्ची भिंतीकडे फिरवली, भिंग लावलं आणि सुरुवात केली. पहिली, काजळी. दुसरी, काजळी. तिसरी बुटकी होती, मान कलवावी लागली, पण काजळीच. जेवणाचा डबा तसाच राहिला. चारपर्यंत सगळ्या झाल्या. तीनशे अठराच्या तीनशे अठरा काजळी. एकीवरही त्यांना क्षणभर शंका आली नाही.

दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. काकूंना नाही. आज जे इतकं लख्ख दिसतंय, ते तेव्हा आपण वाळू कसं म्हटलं? तेव्हा कोण बसलं होतं या खुर्चीत?

घरी जाताना बसमध्ये त्या बोटांवर मोजत होत्या आणि मध्येच थांबल्या. आपण चुकलो असतो, तर दोन्हीकडून चुकलो असतो. काही काजळ्या वाळूत गेल्या असत्या, काही वाळू काजळीत आली असती. पण साहेब काय म्हणाले? तीनशे अठराही ठिकाणी चूक एकाच दिशेची. ‘का’चा ‘वा’ झालेला. ‘वा’चा ‘का’ एकदाही नाही.

आपला डोळा एकाच बाजूला कसा चुकेल? अक्षर मात्र चुकू शकतं.

गुरुवारी सकाळी त्या तडक टकटककडे गेल्या. कार्डांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची.

"कशाला हवीत कार्डं?" टकटकचा हात कळफलकावर थांबला. एरवी थांबत नसे. "काकू, खरं सांगा. त्या तीनशे अठराचं माझ्यावर येणार का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळ्या कार्यालयाला माहितीय. हिशेबनीस तर पाण्याच्या माठापाशी भाषणं देतायत. मी जे दिसलं तेच मारलं हो, शपथेवर! मी तात्पुरती आहे काकू. मला काढायला त्यांना कागदसुद्धा लागणार नाही."

"किल्ली दे," काकू म्हणाल्या. "आधी बघू तरी दे."

कपाट मागच्या खोलीत. पत्र्याचे सत्तावीस डबे, प्रत्येकावर महिना आणि साल. काकूंनी यादीतला पहिला चुकीचा क्रमांक शोधला. तो विसाव्या डब्यात निघाला. कार्ड वर काढलं. चौकटीत स्वच्छ ‘वा’ होता. स्वतःच्या हातचा.

 मग, दुसरं काही सुचेना म्हणून, सवयीने भिंग डोळ्याला लावलं.

‘वा’ नव्हता तो. उभ्या काठीच्या उजव्या अंगाला एक केस होता. डासाच्या तंगडीएवढा. निघाला होता, वळला होता आणि तिथेच थांबला होता. ती ‘क’ची शेपटी होती.

दुसरं कार्ड. तिसरं. पन्नासावं. प्रत्येकावर शेपटी होती, प्रत्येकावर भिंगाशिवाय न दिसणारी. त्यांनी डोळ्याने काजळी पाहिली होती, मनात काजळी म्हटलं होतं, हाताने ‘का’च लिहिला होता. टकटकने ‘वा’ वाचला कारण कुणीही ‘वा’च वाचला असता. आणि छापील यादीत ‘वा’ बघून काकूंनी म्हटलं होतं, "वा!" तळहात उघडून.

त्यांना हसू यायला लागलं. डोळा शाबूत, डोकं शाबूत! नुसती शेपटी आखूड! आणि हसता हसता त्यांनी, कशी पडत होती हो आपली शेपटी पूर्वी, म्हणून पहिला डबा उघडला.

पहिल्या डब्यातला ‘क’ चौकट भरून बसला होता. शेपटी अशी झोकात मारलेली की कोपऱ्याबाहेर गेलेली. दहाव्या डब्यात चौकटीच्या आत. सोळाव्यात अर्धी. विसाव्यात केस. सत्ताविसाव्यात अख्खं अक्षरच तीळभर.

काकूंचं हसू जागच्या जागी वाळलं.

त्यांना थोरला भाऊ आठवला. दादाची पत्रं यायची. आधी पानभर दहा ओळी, मग वीस, मग चाळीस. "दादा कागद वाचवतोय," असं म्हणून सगळी भावंडं हसली होती. काकूंनी त्याचं शेवटचं पत्र याच भिंगाने वाचलं होतं. नंतर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांचं अक्षर बारीक होत गेलं का हो?" कंपवात. थरथर नंतर आली. आधी अक्षर आलं. मग सहा वर्षं खाटेवर, शर्टाचं बटणसुद्धा दुसऱ्याने लावायचं.

साबण की साखर. डास मारलात का. दाराची कडी. सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

खोलीत कुणी नव्हतं. काकूंनी सत्तावीस डब्यांकडे पाहिलं. उद्या हे बैठकीत न्यायचे, म्हणजे एकाशेजारी एक मांडायचे, तारखांसकट. डोळा बरोबर होता हे सिद्ध होईल. आणि हात कसा कसा जात गेला, तेही तिथल्या प्रत्येकाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चित्रासारखं दिसेल.

दुसरा रस्ता टेबलावरच पडला होता. काळं पेन.

शेपट्या ओढायच्या. एवढंच. तीनशे अठरा शेपट्या, संध्याकाळपर्यंत होतील. मग कार्डावर ठसठशीत ‘का’ आणि यादीत ‘वा’. डोळाही खरा, हातही खरा. चूक टाइप करणारीची.

त्यांनी पहिलं कार्ड ओढलं आणि शेपटी काढली. कशीबशी निघाली. दुसरी. तिसरी. सातवी काढताना हात अर्ध्यावर थांबला. त्यांनी मनगट डाव्या हाताने धरून पुढे ढकललं. अकरावीला पेन कागदावर टेकलं आणि हललंच नाही. काकू हाताकडे बघत राहिल्या, शेजारच्याचा असावा तसं. "चल ना रे," त्या हळूच म्हणाल्या. "एवढीशी तर आहे."

"काकू?"

दारात टकटक उभी होती. हातात दोन चहा. तिने कार्डं पाहिली, पेन पाहिलं, ओली शाई पाहिली. ती बावळट नव्हती.

"म्हणजे माझ्यावरच," ती म्हणाली. म्हणजेसाहेबांची हुबेहूब नक्कल ती एरवी करायची. आज नक्कल नव्हती. तिने चहा कपाटावर ठेवले. "मला वाटलं होतं, तुम्ही तरी नाही करणार."

काकूंनी पेन ठेवायला हात उचलला. पेन सुटेना. टकटक ते बघत होती. तिचा राग चेहऱ्यावर तसाच राहिला आणि त्याच्या मागून दुसरंच काहीतरी आलं. ती पुढे झाली आणि तिने काकूंची बोटं एकेक करून उघडली.

"कधीपासून होतंय हे?"

"विसाव्या डब्यापासून," काकू म्हणाल्या. आणि तोंडात पदर कोंबून रडल्या.

शुक्रवारी अकराला बैठकीच्या लांब टेबलावर सत्तावीस कार्डं ओळीने मांडलेली होती, प्रत्येक डब्यातलं एक. सगळी काजळीची. काकूंनी भिंग साहेबांच्या हातात दिलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. डोळ्याने काय पाहिलं, हाताने काय लिहिलं. टाइप करणारीने जे दिसलं तेच मारलं, तिची काडीचीही चूक नाही. आणि शेवटी अकरा कार्डं वेगळी ठेवली.

"या अकरांवर मी काल शाई चढवली. ती खोटी समजा. त्यांना ‘न’ लिहा."

 म्हणजेसाहेब टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंग घेऊन वाकून गेले. एक, दोन, दहा, वीस. शेवटाला पोचेस्तोवर ते फार हळू चालत होते. सत्ताविसाव्या कार्डाशी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"रकाना राहील," ते म्हणाले. ‘म्हणजे’ नव्हतं. मग ते काकूंच्या उजव्या हाताकडे बघायला लागले, आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर खिडकीकडे. "म्हणजे... पुढच्या यादीचं काम तुम्हाला द्यायचं ठरलं होतं. म्हणजे ते... आपण बघू. तुम्ही आधी डॉक्टरांना दाखवून घ्या."

आपण बघू, याचा अर्थ काय होतो ते काकूंना ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली आणि कार्डं गोळा करायला घेतली. टकटकने ती त्यांच्या हातातून घेतली.

दुपारी दोघी त्या अकरा रेघा घेऊन बसल्या. कोऱ्या भेंडोळीवरून, पुन्हा पहिल्यापासून. काकू बघायच्या, मान कलवायच्या, म्हणायच्या, "काजळी." टकटक नव्या कार्डावर लिहायची, एवढा मोठा ‘का’, चौकटीच्या बाहेर सांडणारा. पलीकडून हिशेबनिसांना वाटलं की काहीतरी बोलावं, पण त्यांनीही आज चहात लक्ष घातलं.

"अकरावी?"

काकूंनी बराच वेळ पाहिलं. डोळ्यात पाणी होतं. रेघ हलत होती. "थांब," त्या म्हणाल्या. पुसलं. पुन्हा पाहिलं. "काजळी."

निघताना त्यांनी टकटकसमोर आणखी एक कोरा कागद सरकवला. "एवढं लिहून दे. तांदूळ. साबण. गव्हाचं पीठ. दिव्याचा बल्ब." टकटकने काही न विचारता लिहून दिलं.

घरी सासूबाईंनी यादी घेतली. नाकाशी नेली, मग हात लांब करून धरली. वाचायला काहीच त्रास पडत नव्हता. काकू चपला काढत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आता काहीतरी टोचरं येईल म्हणून. सासूबाईंकडे कधी तुटवडा नसे. येऊ दे, ते वाक्य लवकर येऊ दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"हे अक्षर तुझं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

मागून यादी घडी घातल्याचा आवाज आला. मग काठी टेकत टेकत सासूबाई जवळ आल्या आणि त्यांनी काकूंचा उजवा हात आपल्या हातात घेतला. दादाला भेटायला त्याही यायच्या. सहा वर्षं त्यांनीही पाहिलं होतं. त्या हाताकडे बघत राहिल्या. टोमणा आला नाही. काकू वाट बघत होत्या, आणि तो आला नाही.